अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही, अकरावी मात्र विचारतात

‘काय गं पेपरवाली, हिचं मेडिकल गेलं म्हणायचं का आता?’

जूनच्या सुरुवातीला विंझरला मावशीकडे गेले होते. राजगडाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात तेव्हा भाताचे तरवे टाकायची घाई असते. काका नुकतेच शेतावरून आले होते. हातपाय धुऊन पडवीत टेकले आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्या मावसबहिणीचा अकरावीचा निकाल होता तो. फिजिक्स ३७, केमिस्ट्री ४१, बायोलॉजी ५२. तिघांची बेरीज ३०० पैकी १३०. दहावीला हिला ८८ टक्के होते. गावात पेढे वाटले होते.

ती स्वतः आत होती. भांडी वाजत होती, पण जरा जास्तच हळू. ऐकत होती.

मी एका दैनिकात इंटर्न आहे. त्यामुळे घरात समज असा, की मला सगळं ठाऊक असतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. पुण्याला परत आले आणि नियम, माहितीपत्रकं, जुने निर्णय वाचत बसले. जे सापडलं ते एकट्या काकांना सांगून भागणार नाही असं वाटलं. कारण हाच प्रश्न दर वर्षी कितीतरी घरांत विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर अंदाजाने दिलं जातं.

नियम काय सांगतो?

आधी सरळ उत्तर. एमबीबीएसच्या प्रवेशात अकरावीच्या मार्कांना किंमत शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य. ती परीक्षा बोर्डाची नसते, कॉलेज आपल्या पातळीवर घेतं. अकरावी पास होऊन बारावीत गेलात, की त्या मार्कांचं काम संपलं.

बारावीचे मार्क लागतात, पण फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. एससी, एसटी आणि ओबीसींना ४० टक्के, म्हणजे १२०. शिवाय इंग्रजीत पास हवं. आपल्या बोर्डात या विषयांना लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० असतात, त्यामुळे नियमित अभ्यास करणाऱ्याला हा उंबरठा फार उंच नाही. तो ओलांडल्यावर १५१ वाला आणि २९० वाला एकाच रांगेत उभे राहतात.

रांग लागते ती ‘नीट’च्या मार्कांवर. ७२० मार्कांची परीक्षा, १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. दोघांना सारखे मार्क पडले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. तिथेही बारावीची टक्केवारी येत नाही.

काका चुकीचं विचारत होते असं नाही, त्यांची माहिती एक पिढी जुनी होती. त्यांच्या वेळी बारावीच्या पीसीबी ग्रुपवर मेडिकल ठरायचं. एका मार्कासाठी पेपर पुन्हा तपासायला टाकायचे. नंतर राज्याची सीईटी आली. २०१३ साली ‘नीट’ पहिल्यांदा झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला आणि ‘नीट’ परत आली. एवढ्या उलथापालथीत गावातल्या पालकांपर्यंत पोहोचलेली माहिती कुठल्या सालची आहे, हे कोण तपासणार?

मग काळजीचं कारण नाही?

आहे. आणि इथेच ‘अकरावी मोजत नाहीत’ हे वाक्य फसवं ठरतं.

मार्क मोजत नाहीत, पण अकरावीचा अभ्यासक्रम मोजतात, आणि तोही जवळपास निम्मा. ‘नीट’चा पेपर अकरावी आणि बारावी दोन्हींवर असतो. ढोबळमानाने ७२० पैकी साडेतीनशेच्या आसपास मार्क अकरावीच्या धड्यांचे. तुलनेसाठी आपली एमएचटी-सीईटी बघा. इंजिनीअरिंग, फार्मसीसाठीच्या त्या परीक्षेत अकरावीला साधारण २० टक्के वजन आहे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे अकरावी कच्ची राहिलेला मुलगा सीईटीत बारावीच्या जोरावर सावरू शकतो. ‘नीट’मध्ये ती सोय नाही.

दुसरा फटका लगेच दिसत नाही. अकरावीचे धडे बारावीच्या पोटात असतात. अकरावीत व्हेक्टर समजले नाहीत, तर बारावीच्या फिजिक्समध्ये पानापानावर अडायला होतं. मोल कॉन्सेप्ट कळला नाही, तर बारावीची सोल्युशन्सची गणितं पाठ करावी लागतात. ऑर्गॅनिकची सुरुवात, नावं कशी द्यायची आणि आयसोमर म्हणजे काय, हे अकरावीत होतं. ते सुटलं की बारावीचं अर्धं ऑर्गॅनिक परक्या भाषेसारखं वाटतं. बायोलॉजीत पेशीविभाजन नीट न शिकता जेनेटिक्स करायला बसलं तर तेच.

म्हणजे ३७ हा आकडा मेडिकलच्या फॉर्मवर कुठेच जाणार नाही. पण त्या ३७ मागे जे न समजलेलं आहे, ते पुढच्या मे महिन्यात परीक्षा हॉलमध्ये तिच्या आधी जाऊन बसलेलं असेल.

आणि रांग किती लांब आहे? २०२५ ची ‘नीट’ २२ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी दिली. त्यातले १२ लाखांहून जास्त पात्र ठरले. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ७२० पैकी १४४ पुरले. हे ऐकून बरेच पालक खूश होतात. पण देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच खासगी कॉलेजांत. पात्र होणं आणि जागा मिळणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर ज्या मार्कांचं असतं, त्यातले बरेच अकरावीच्या धड्यांत असतात.

८८ चे ४३ होतात कसे?

दहावीला ८८ टक्के मिळवणारी मुलगी एका वर्षात ४३ वर येते, तेव्हा ‘अभ्यास केला नाही’ हे उत्तर सगळ्यात सोपं असतं. काकांनीही तेच धरलं होतं. मोबाइल काढून घेतला होता.

मी तिच्या वह्या बघितल्या. पहिल्या दोन महिन्यांच्या नोट्समध्ये इंग्रजी शब्दांवर पेन्सिलने मराठी लिहिलेलं होतं. ‘डिस्प्लेसमेंट’वर ‘विस्थापन’. ‘मोमेंटम’वर ‘संवेग’. ऑगस्टनंतर पेन्सिल थांबली होती. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, शब्द शोधेपर्यंत सर पुढं जायचे. मग सोडून दिलं.’

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला सायन्स इंग्रजीतून, ही उडी आपल्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलेली आहे. सेमी-इंग्रजी घेतलेल्यांना ती थोडी कमी लागते. बाकीच्यांना जूनमध्ये एकदम पाण्यात टाकतात. गंमत अशी, की ‘नीट’चा पेपर मराठीतूनही देता येतो. मराठी निवडली तर पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. म्हणजे परीक्षा मराठीत उपलब्ध आहे, पण बहुतेक कॉलेजांतलं शिकवणं आणि क्लासच्या नोट्स इंग्रजीत. मधल्या दोन वर्षांचा पूल ज्याचा त्याने बांधायचा.

दुसरं कारण रस्त्याचं. ती कॉलेजसाठी हायवेकडच्या गावाला जाते. सकाळची एसटी चुकली तर पहिले दोन तास गेले. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा तरी होतं. संध्याकाळी घरी आल्यावर गुरं, स्वयंपाक, आणि आवणीच्या दिवसांत शेत. पुण्यात कॉलेजशेजारी राहणाऱ्या मुलीचा दिवस आणि हिचा दिवस दोन्ही २४ तासांचेच, पण तिच्या हाताशी उरणारे तास वेगळे.

तिसरं कारण आपण सगळे मिळून घडवलंय. अकरावी म्हणजे ‘आरामाचं वर्ष’. बोर्ड नाही, टेन्शन नाही. कितीतरी ठिकाणी अकरावीचा पोर्शन उरकून दिवाळीनंतर बारावी सुरू करतात. मोठ्या शहरांत तर कॉलेज नावापुरतं आणि दिवस क्लासमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने मोठ्या शहरांतल्या ज्युनिअर कॉलेजांच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली होती, ती याच ‘टाय-अप’ प्रकारामुळे. जून २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगवरचं अवलंबित्व आणि डमी शाळा यांचा विचार करायला समिती नेमली. प्रश्न सगळ्यांना दिसतोय. पण क्लासवाल्या मुलाची अकरावी निदान क्लासमध्ये तरी होते. ज्याला क्लास नाही आणि कॉलेजातही अकरावी उरकली गेली, त्याची अकरावी कुठेच होत नाही.

मग अकरावीचे मार्क धरावेत का?

हा उपाय सुचणं साहजिक आहे. मार्क धरले तर कॉलेज नीट शिकवेल, मुलं बसतील. तमिळनाडूने यातलं निम्मं करून बघितलं. तिथल्या शाळा अकरावी गुंडाळून दोन वर्षं बारावीच शिकवायच्या आणि देशपातळीवरच्या परीक्षांत मुलं मागे पडायची. म्हणून २०१७-१८ पासून तिथे अकरावीलाही बोर्डाची परीक्षा सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राज्य शिक्षण धोरणात ती परीक्षा काढून टाकली. लागोपाठ तीन वर्षं बोर्ड, हा ताण मुलांना झेपत नाही असा विचार त्यामागे होता.

अमेरिकेत याच्या अगदी उलट पद्धत आहे. तिथे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा. अर्जात कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनच्या सगळ्या ग्रेड जातात. एखादा विषय पुन्हा देऊन सुधारला, तरी बहुतेक मेडिकल कॉलेजं ज्या सामायिक अर्जातून प्रवेश देतात, त्यात जुनी ग्रेडही सरासरीत धरतात. तिकडे गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांना अठराव्या वर्षीचा एक वाईट हिवाळा पुढची चार वर्षं सोबत वागवावा लागतो. नंतरची चढती कमान बघून समजून घेणारी कॉलेजं असतात, पण आकडा पुसला जात नाही.

त्यापेक्षा आपली पद्धत मला बरी वाटते. अकरावीचा निकाल पुढे न नेणं ही माध्यम बदललेल्या, गाव सोडून शिकणाऱ्या मुलांसाठी खरी सवलत आहे. आजच्या परिस्थितीत अकरावीचे मार्क प्रवेशाला धरले, तर सगळ्यात आधी विंझरसारख्या गावांतली मुलं बाहेर पडतील. पण ही सवलत आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही, त्यामुळे ती वापरलीच जात नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. मीही अकरावी सायन्सला होते. फिजिक्समध्ये काठावर पास झाले. एका सरांनी निकाल हातात देताना एवढंच म्हटलं, ‘झेपणारं घ्यावं माणसानं.’ मी जुलैत आर्ट्सला गेले. पत्रकारितेत आले याची खंत नाही, काम आवडतं. पण तो निर्णय मी चुकीच्या माहितीवर घेतला होता. मला वाटलं होतं दार बंद झालंय. ते उघडं होतं, फक्त जिना चढायला जास्त दम लागणार होता. उघडं दार बघून नको म्हणणं वेगळं आणि बंद समजून परत फिरणं वेगळं.

‘ड्रॉप’ कुणाला परवडतो?

अकरावी कच्ची राहिलेल्या मुलांपैकी बरेच जण शेवटी ‘ड्रॉप’ घेतात, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष फक्त ‘नीट’साठी. नियमाने यात काही अडचण नाही. ‘नीट’ कितीही वेळा देता येते. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढून टाकली आहे. कागदावर दार सताड उघडं.

पण हा ड्रॉप पुण्यात किंवा लातूरला घ्यायचा तर क्लासची फी, होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. भाताच्या एका पिकावर आणि दुधावर चालणाऱ्या घरात हा खर्च कर्जाचा असतो. मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न येतो, जो कुठल्याच माहितीपत्रकात नाही: ‘आणखी एक वर्ष थांबायचं?’ मावशीने तो मला हळूच विचारला होता.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीमध्ये १०० टक्के सवलत आहे, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला तर. ‘महाज्योती’ ही संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना ‘नीट’चं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. पण तिथे निवड दहावीच्या मार्कांवर होते आणि अर्ज दहावीनंतर लगेच करावा लागतो. माझ्या बहिणीला दहावीला ८८ होते. घरात कुणाला ही योजनाच माहीत नव्हती.

सीट मिळाल्यानंतरचा रस्ता बऱ्यापैकी आखलेला आहे. सीट मिळेपर्यंतच्या दोन वर्षांत, आणि त्यातही पहिल्या वर्षात, गावाकडची मुलं सुटतात. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक विषयाची मराठी-इंग्रजी शब्दांची यादी घेऊन हळू शिकवलं, सहामाहीत नापास झालेल्यांना त्याच धड्यांची पुन्हा परीक्षा दिली, तपासलेले पेपर हातात परत दिले, तर यातलं बरंच थांबेल. याला नवी इमारत लागत नाही.

बारावीत आलात आणि अकरावी कच्ची आहे?

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची अवस्था अशी असेल, तर जे वाचून आणि विचारून कळलं ते सांगते.

पहिलं, एकूण टक्केवारी विसरा आणि धडे मोजा. ४१ मार्क म्हणजे सगळी केमिस्ट्री येत नाही असं नसतं. कुठले चार-पाच धडे आले नाहीत, ते लिहून काढा. यादी आपण समजतो त्यापेक्षा छोटी निघते.

दुसरं, अकरावी वेगळी काढून ‘सुट्टीत करू’ म्हणून ठेवू नका. बारावीत ज्या आठवड्यात सोल्युशन्स शिकवतील, त्याच आठवड्यात मोल कॉन्सेप्ट. जेनेटिक्स आलं की त्याआधी पेशीविभाजन. जोड्या लावून केलं तर दोन्हीकडे उपयोग होतो.

तिसरं, आपल्या बोर्डाची आणि एनसीईआरटीची पुस्तकं धड्यांची वाटणी वेगळी करतात. उदाहरणार्थ, रोटेशनचं प्रकरण एनसीईआरटीत अकरावीला आहे, आपल्याकडे बारावीला. ‘नीट’साठी एनसीईआरटीची पुस्तकं शेजारी ठेवा. ती वेबसाइटवरून फुकट उतरवता येतात.

चौथं, कुणी बारावी राज्याबाहेर करायला सांगितलं तर थांबा. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. अपवाद मोजके आहेत.

पाचवं, दुसरी वाटही नीट बघून ठेवा. आयुर्वेद आणि होमिओपॅथी ‘नीट’वरच आहेत, नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. त्यांना ‘मेडिकल हुकलेल्यांची जागा’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

विंझरहून मेसेज

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे मार्क धरत न्हाईत, पण यायला पायजेच.’ दोन हजार शब्दांत मी जे लिहिलं, ते त्यांनी एका ओळीत सांगितलं. मोबाइल परत दिला. रात्री आठ ते दहा पडवीतला बल्ब तिचा, असं ठरलं.

तिला सीट मिळेलच असं मी म्हणणार नाही. २२ लाखांच्या रांगेत तसं कुणी कुणाला सांगू नये. पण परवा तिचा मेसेज आला: ‘ताई, मोल कॉन्सेप्टची टेस्ट दिली. ३० पैकी १९.’ खाली वहीच्या पानाचा फोटो होता. इंग्रजी शब्दांवर पेन्सिलने मराठी लिहिणं परत सुरू झालंय.